काचेवर न येणारे

बिरंची नायक, वय बावीस, शिरोलीच्या फाउंड्रीत मोल्डिंगला.
बोटांना इतके घट्टे की सुई दोनदा परतली,
तिसऱ्यांदा करंगळीनं एक थेंब दिला.

सीपीआरच्या लॅबमध्ये रात्रीचे सव्वादोन.
काच वाळवली, रंगवली, नळाखाली धुतली,
तेलाचा ठिपका, आणि डोळा लावला.

अंगठ्या.
तांबड्या पेशींत बारीक अंगठ्या,
एकेकीत दोन दोनसुद्धा.
शंभरात दोन पेशी. फार नाही, असं कागद म्हणतो.

पण अठरा वर्षं मी हे तेल पुसतेय.
काचेवर येतात ती फक्त पोरं.
थोरली झाली की रक्ताबरोबर वाहत नाहीत;
प्लीहेच्या नाक्यावर ताठ पेशी सुटत नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक.
म्हणून पेशीच्या कातडीवर गाठी काढतात,
गाठीवर चिकट प्रथिन,
आणि मेंदूतल्या केसाहून बारीक वाटेत
भिंत धरून बसतात.

शरीर ते प्रथिन ओळखायला शिकतं,
तोवर यांनी पास बदललेला.
साठेक गेटपास असतात म्हणे एकेकाकडे,
दाखवायचा एकच, बाकीचे घडी घालून खिशात.

आत भट्टी चालूच. हिमोग्लोबिन खायचं.
त्यातलं लोखंड पचत नाही, उलट विषच,
तर त्याचे काळे स्फटिक करून कोपऱ्यात रचायचे.
बिरंची शुद्धीवर असता तर म्हणाला असता,
स्लॅग, मॅडम. आम्ही पण तेच करतो.

दोन दिवसांनी पाळी सुटते, पेशी फुटते,
पोरं नव्या पेशी धरायला पळतात,
आणि मागं सांडलेला कचरा हुंगून
आपल्याच पांढऱ्या पेशी बोंब ठोकतात.
ताप त्यांचा नाही.
ती आग आपण लावलेली, घर भाजेपर्यंत.

वरून दौलू ब्रदरचा फोन :
"ताई, शुगर बत्तीस. हाक मारली तर ओ देईना झालाय."

गुळाच्या या गावात.
मार्केट यार्डात आत्ता रव्यांच्या थप्प्या लागल्या असतील.

कागदावर लिहिलं : फॅल्सिपेरम, दोन टक्के.
पेन थांबलं.
काचेवर नाहीत त्यांच्यासाठी रकाना नाही.
पण कडेला एका पांढऱ्या पेशीच्या पोटात
काळा स्लॅग दिसला होता, नंतर आणखी दोघींच्या.
समासात लिहिलं, नियमात बसत नसताना :
आत पुष्कळ असणार.
आणि शिपायाची वाट न बघता
जिना चढले.