दोनच दे

भांडुपला, टेंभीपाड्याच्या चढावर,
छेडाशेठच्या मेडिकलमध्ये मी सतरा वर्षं उभा आहे.
माझ्या हाताला औषधांपेक्षा कात्रीची सवय जास्त.
पट्टी कापली की नाव एका तुकड्यावर जातं,
तारीख दुसऱ्यावर,
आणि गिऱ्हाईकाच्या मुठीत
नुसता चंदेरी कागद, आत दोन गोळ्या.

'दोनच दे. बरं वाटलं तर झालं.'
'मागच्या वेळची दे ना, ती गुलाबी.'
'पाचशेवाली दे रे, हाय पावर,
अडीचशेनं आमच्या घरात कुणाला गुण येत नाही.'
चिठ्ठी मागितली की हसतात.
डॉक्टर दोनशे घेतो नि लिहितो तेच,
तू एवढी वर्षं इथं उभा, तुला कळत नाही होय?
मला कळतं, असं मलाही वाटायला लागलं
साधारण चौथ्या वर्षी.

घाडीकाकू सर्दीला लाल-काळी कॅप्सूल नेतात,
एक आत्ता, एक 'लागली तर'.
सर्दीची आणि त्या कॅप्सूलची
साधी तोंडओळखही नाही, हे मी एकदा बोललो.
म्हणाल्या, मग मला तीन दिवसांत बरं कसं वाटलं?
दस्तगीर रिक्षावाला ती फोडून
गुडघ्याच्या जखमेवर भुकटी दाबतो, हळद दाबावी तशी.
शिर्केबाईंनी उरलेल्या चार
वरच्या खोलीतल्या बाळंतिणीला दिल्या.
वाया कशाला घालवायच्या, महाग असतात.

शिळ्या भाकरीचा तुकडाही न टाकणारी माणसं ही.
त्यांना कुठल्या तोंडानं सांगू
की हे ताट भूक नसताना वाढायचं नसतं,
आणि वाढलं तर अर्ध्यावर उठायचं नसतं;
पानात उरतं ते दुसरंच कुणीतरी जेवतं
आणि अंगानं भरतं.

दिवाळीच्या आधी अण्णा टेमकर एक कागद घेऊन आले.
सुनेच्या लघवीचा रिपोर्ट, कल्चरचा.
डावीकडे औषधांची नावं, सोळा.
त्यातली अकरा माझ्या पाठीमागच्या फळीवर.
उजवीकडे एकेक अक्षर.
आर.
आर.
आर.
'पास का नापास?' अण्णांनी विचारलं.
मी बोट खाली नेत राहिलो,
जत्रेत हरवलेलं पोर शोधावं तसा,
आणि चौदाव्या ओळीत एक एस सापडला.
ते इंजेक्शन आम्ही ठेवत नाही.
मोठ्या हॉस्पिटलात, सलाइनमधून, दिवसातून तीनदा.
आकडा मी हळू सांगितला.
तरी त्यांना ऐकू गेला.

'पण हेमांगीनं कधी जास्त औषध घेतलंच नाही रे.
जळजळ झाली की दोन गोळ्या. बस.
नेहमी दोनच.'

हो अण्णा.
मीच कापून द्यायचो.

ती आली घरी, एकवीस दिवसांनी, गालफडं बसलेली.
फ्रिज विकला त्यांनी.
अण्णा म्हणाले, बरंच झालं,
उरलेल्या गोळ्या दारातच साठवायचो, आता जागाच नाही.
आणि स्वतःच हसले, थोडं.
मी सुटे पैसे मोजत राहिलो, दोनदा चुकलो.

कात्री मी खालच्या खणात टाकली आहे, बिलबुकांच्या तळाशी.
शेठ म्हणाले, गिऱ्हाईक समोरच्याकडे जाईल.
गेलं.
घाडीकाकू आता माझ्या दुकानावरून जाताना
पदर सारखा करतात.

परवा एक पोरगा आला, खरी चिठ्ठी घेऊन.
पाच दिवस, दोन वेळा.
अख्खी पट्टी दिली. त्याच्याकडून वदवून घेतलं,
ताप गेला तरी?
तरी घ्यायच्या.
बरं वाटलं तरी?
तरी घ्यायच्या.
शेठ गल्ल्यामागून बघत होते,
मला शाळामास्तर झाल्यासारखं वाटलं.

आज सकाळी शटर वर करतो तोच तो उभा.
काउंटरवर सहा गोळ्या ठेवल्या,
पट्टीची कड दातांनी तोडलेली, अजून ओली.
'ताप गेला.
आई म्हणाली, उरलेल्या परत दे
आणि पैसे घेऊन ये.'