कौल

बिशपसाहेबांचं पत्र आलं एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात,
सहीपुढे क्रूस, माथ्यावर धर्मप्रांताचा शिक्का:
'यापुढे पाळकसाहेब महिन्यातून एकच रविवार तुमच्याकडे.
बाकीचे मंडळीने सांभाळावेत.
कोण सांभाळणार, ते कळवावे.'

मी खजिनदार. दानाची नाणी मोजतो,
आणि पत्रं मोठ्यानं वाचतो, आवाज शाळामास्तरचा म्हणून.
वाचलं.
पंचमंडळीतले सहाजण सहा दिशांना पाहत राहिले.
थोमा उबाळे म्हणाले, छत्तीस वर्षं पोस्टात काढली,
पत्राला उत्तर द्यायचं असतं एवढं मला ठाऊक.
काय द्यायचं, ते तुम्ही बघा.

सभा तीनदा भरली. तीनदा चहा झाला.

चौथ्या वेळी पाळक रणभिसे स्वतः आले,
दाभोळच्या फेरीबोटीतून, स्कूटरला झगा बांधून.
म्हणाले, सभा मागाहून. आधी छप्पर.
मे निम्मा सरला, वेदीवरून आभाळ दिसतंय.

गावदेवीकडे कौल लावतात,
पाकळी उजवी पडते की डावी, श्वास रोखून बघतात.
आमच्या पणजोबांनी ती रीत सोडली.
आमच्याकडे उरलं ते हे, भाजलेल्या मातीचं,
नळीसारखं, शेवाळलेलं, हजार-बाराशे नग.

शिडी मुकादमांच्या वखारीतून आणली,
नमाजाआधी परत करायच्या बोलीवर.
सलोमीबाई काथ्यानं कौलं घासत बसल्या,
त्यांच्याकडून थोमा, थोमांकडून मी,
माझ्याकडून पाळकसाहेब, चौथ्या पायरीवर,
त्याच्या वर त्यांचं डोकं गरगरतं.
आणि वर, रिपांवर, एस्तेर खरात.

हर्णैला बर्फाच्या कारखान्यात हिशेब लिहिते ती.
बाप शाकारणी करायचा, त्याच्यामागे लहानपणी चढलेली.
भक्तीत शेवटच्या बाकावर बसते, दाराजवळ,
पोर रडलं तर बाहेर पडता यावं म्हणून.
वरून म्हणाली, घाई नको. एकेक.
हे फुटकं. हे परत खाली.
पाळकसाहेब, हात सोडू नका.
आणि पाळकसाहेबांनी हात सोडला नाही.

दुपारी बाराला थोमांनी घंटा दिली, सवयीनं.
एस्तेर आढ्यावर होती. उतरायला वेळ नव्हता.
तिथूनच तिनं प्रार्थना केली,
खाडीकडे तोंड करून, डोळे उघडे ठेवून, पडू नये म्हणून.
आजाऱ्यांची नावं घेतली,
दोन माझ्या वहीत नव्हती.
मुकादमांच्या सुनेचं नाव घेतलं, तिचे दिवस भरले होते.
खाली आमच्या प्रत्येकाच्या हातात एकेक कौल.
हात जोडता येईनात.
तसेच, कौल छातीशी धरून, आम्ही आमेन म्हटलं.
पाळकसाहेबांनी सगळ्यांच्या शेवटी.

सभा त्या दिवशीही झाली नाही.
शिडी परत करायची होती.

एस्तेर म्हणाली, मला उपदेश येत नाही.
सलोमीबाई म्हणाल्या, मला वाचता येत नाही,
पण कुणाच्या घरी चूल नाही पेटली ते कळतं.
पाळकसाहेब कठड्यावर बसून पाय चोळत होते.
म्हणाले, प्रभुभोजनाला मी येईन. तेवढं माझं.
बाकी तुमचं होतंच.
मी आपला किल्ली खिशात घेऊन हिंडायचो बावीस वर्षं.
आणि किल्ली बाकावर ठेवली.
कुणी उचलली ते मी पाहिलं नाही.
रविवारी दार उघडं होतं.

उत्तर मी लिहिलं. अकरा नावं,
प्रत्येकापुढे काम, मुकादमांच्या शिडीसकट.
कचेरीतून कार्ड आलं: रकाना लहान आहे,
कृपया एकच नाव द्यावे.
ते कार्ड वहीत आहे. थोमा रोज विचारतात, दिलं का उत्तर?

सगळं नीट झालं असं नाही.
माझ्या टेबलावर एक कौल अजून गळतं,
बहुतेक मीच चढवायला दिलेलं, तडा न बघता.
काल एस्तेर वाचनाला उभी राहिली,
आवाज कापत होता, पान चुकलं,
मग थांबली, खाली आली,
भरलेली बादली बाहेर ओतली, परत लावली,
आणि जिथं थांबली होती तिथून पुढे वाचू लागली.