सदर दोन्ही नावे

गुरुवारी दहाला मी टेबल मांडतो
गिरणीच्या पडवीत, बंद पडलेल्या कांडपयंत्राशेजारी.
टेबल दूध संस्थेचं, लॅपटॉप पुतणीचा,
शिक्का माझा स्वतःचा.
कायद्याने त्याला काडीची किंमत नाही,
पण कागदावर उठला की म्हाताऱ्यांना बरं वाटतं.
पाटी लावलेली नाही.
हवालदार क्लार्क बसतो,
एवढं गडहिंग्लजच्या स्टँडपर्यंत माहीत आहे.

नोव्हेंबरात हयातीचे दाखले.
शिदू तात्यांचा अंगठा मशीन घेत नाही,
उसाच्या पाल्यानं रेघा खाल्ल्यात सगळ्या.
"जित्ता हाय म्हणावं की त्येला," तात्या म्हणतात.
मी ओल्या फडक्यानं अंगठा पुसतो, पुन्हा टेकवतो,
चौथ्या खेपेला मशीनला पटतं.

हारुगड्यांची बाई आली ती बाराच्या सुमाराला.
पिशवीत डबा, डब्यात कागद,
कागदांना कापराचा वास.
नाईक आनंदा ज्योती हारुगडे
वारले त्याला तेरा महिने झाले.
त्यांची पेन्शन थांबली, हिची सुरू नाही.
डिस्चार्ज बुकात बायकोचं नाव: हौसा.
आधारवर सुमित्रा,
रेशन कार्डावर, मतदार यादीत, सातबाऱ्यावर
सुमित्रा.

मी मान खाली घातली.
असली नावं मीही लिहिली आहेत
रेकॉर्ड ऑफिसात, दिवसाला साठ,
कार्बन लावून, चहावर साय धरेस्तोवर.
कुणाची आक्काताई मी अनुताई केली असेल,
कुणालाही एक जूनला जन्माला घातलं असेल,
आणि माझ्या एका वेलांटीपायी
कुठल्या तालुक्यात कोण बाई
असाच डबा घेऊन उभी असेल,
ते कुठल्या पत्रकात येत नाही.
म्हणून गुरुवार.
म्हणून चहासुद्धा घेत नाही कुणाचा.

"क्लार्कची चूक आहे, मावशी."

"चूक न्हवं," ती म्हणाली.
"हौसा माझं म्हायेरचं नाव.
लग्नात ताटातल्या तांदळावर अंगठीनं
सुमित्रा लिवलं हितल्या माणसांनी.
ह्येंनी त्ये कदी तोंडात घेतलं न्हाई.
पत्रावर बी हौसाच.
सासू इचारायची, कुणाचं गं ह्ये पत्र?
मी पदराआड धरून म्हणायचो, माझं."

मग मी प्रतिज्ञापत्र टाइप केलं,
नेहमीचंच, नावं तेवढी बदलून,
आणि नेमाप्रमाणे वाचून दाखवलं:
सत्य प्रतिज्ञेवर लिहून देते की
हौसा व सुमित्रा ही सदर दोन्ही नावे
एकाच व्यक्तीची असून...

"एकच हाय व्हय?" तिने विचारलं.

गिरणीचा पट्टा फटफटत होता.
कुणाची तरी ज्वारी पडत होती डब्यात.

"सुमित्रानं चार पोरं काढली, म्हशी काढल्या,
सासूचं हागणं-मुतणं काढलं.
हौसा नुसती दाराकडं बघत बसायची.
सालातनं दोन म्हैनं जगायची ती, रजेपुरती.
आता तर..."
पुढचं बोलली नाही.
डब्याचं झाकण लावलं, काढलं, परत लावलं.
"सही कुणाची करू?"

अठ्ठावीस वर्षं मी नियम पाठ केले,
ह्याला कलम सापडलं नाही.
आधारवर आहे ती करा, म्हणालो.
तिने सुमित्रा लिहिलं,
शेतात नांगर वळवावा तसं प्रत्येक अक्षराला वळून.
मी खाली माझा शिक्का मारला, जोरात,
बरं वाटावं म्हणून.

फेब्रुवारीत पाकीट परत आलं.
आक्षेप एकच:
दस्तऐवजावर अनधिकृत शिक्का.

तिच्या गावाला एसटी दोनदाच जाते.
मी दुपारची धरली.
ती उंबऱ्यात बसून शेंगा फोडत होती.
कागद पुढे केला आणि सांगितलं,
ह्या वेळेला मात्र क्लार्कचीच चूक, मावशी.

ती हसली, मला वाटतं तेरा-चौदा महिन्यांत पहिल्यांदा.
हातावरची फोलपटं झाडली.
"आणा हिकडं," म्हणाली. "परत लिवतो."