दोन स्लिपा

घरकर्जाला दोघांच्याही लागतात,
म्हणून परळच्या बँकेत, टेबलाच्या काचेवर,
माझा आणि विशाखाताईचा महिना शेजारी शेजारी.
साहेबांनी पेन माझ्या आकड्यावर टेकवलं:
मुख्य अर्जदार तुम्ही.

मी पवईत औषधचाचण्यांचे तक्ते लावतो,
ताई शिवडीला, टीबीच्या वॉर्डात.
तिची अख्खी रात्रपाळी
माझ्याकडे येते ती एका ओळीत.
ती ओळ पुसूनपासून घेण्याचे मला
तिच्या अडीचपट.

तिच्या स्लिपवरचा एक रकाना माझ्याकडे नाही:
धुलाई भत्ता.
रक्कम राहू दे. कोपऱ्यावरचा इस्त्रीवाला हसेल.

परवा एका रुग्णापुढे रिकामा चौकोन होता.
आजूबाजूच्या आकड्यांवरून अंदाज भरला,
चहाला गेलो.
रात्री भात कालवता कालवता ती म्हणाली,
अठरा नंबरचा गेला रे.
भोजपुरीत काहीतरी मागत होता,
मला फक्त पाणी कळलं.

"सहअर्जदार, इथे सही."
तिनं केली. पेन परत देताना
साहेबांकडे जरा जास्तच वेळ पाहिलं.
"खोकला किती दिवसांचा?"
ते हसले. "असाच. धुळीचा."
"किती दिवसांचा?"