अकरा मिनिटं

येसेनित्सेला जुन्या पोलाद कारखान्याच्या मागे
सिल्वोची शेड आहे. आत दाराएवढं टेबल,
त्यावर लटकलेलं यंत्राचं पातं,
आणि खिडकीत कॉफीचं भांडं, कायम अर्धं.

मी पेनड्राइव्ह त्याच्या तळव्यावर ठेवला.
त्यात एकशे बहात्तर सेंटिमीटरची एक आकृती होती,
चार महिने रात्री जागून काढलेली.
टोकाला रुंद, कमरेत बारीक, शेपटाशी पुन्हा थोडी ऐसपैस.
आधी हिचा साचा, मग साच्यावरून स्की.

"किती जोड्या?"
"एक."
तो हसला नाही. चश्मा कपाळावर सारून
लिहीत गेला:

फाइल नीट करणं, साठ.
यंत्र लावणं, नव्वद.
बर्च प्लायवूडचा ताव, अठ्ठेचाळीस.
कापणं, अकरा मिनिटं, बावीस.
वर कर.
दोनशे अडुसष्ट युरो, चाळीस सेंट.

"शंभर जोड्या केल्यास तर
जोडीमागे तीनसुद्धा पडणार नाहीत," तो म्हणाला,
एकट्या राहणाऱ्या बाईला सांगावं तसं,
की मोठं पातेलं स्वस्त पडतं.

ॲशचं लाकूड मार्जेताने फुकट दिलेलं,
वादळात तिच्या गोठ्यावर पडलेलं झाड.
म्हणजे कोंबडी फुकटची
आणि मसाला दोनशे अडुसष्टचा.
मी चाळीस सेंटही दिले.

बाबांचा साचा लिनोलियमचा होता,
स्वयंपाकघरातल्या फरशीवरून उरलेला तुकडा.
खिळ्यांच्या रांगेत लाकडी पट्टी वाकवून
त्यांनी पेन्सिल फिरवली, जिभेचं टोक दातांत धरून.
खर्च: खिळे.
तेही नंतर उपटून, ठोकून सरळ केले
आणि डब्यात परत टाकले.
त्याच साच्यावर माझी पहिली जोडी,
भावाची, त्यानंतर पुन्हा माझी.
तेवीस हिवाळे.

सिल्वोचा साचा घरी आणला,
कडा अशा की बोट फिरवताना बोटालाच लाज वाटावी.
गंमत म्हणून बाबांच्या साच्यावर ठेवला.
उजवी कड जुळली.
डावीकडे, कमरेपाशी,
खालून लिनोलियमची हिरवट रेघ डोकावली.
दीड मिलिमीटर.
मी साचा उचलला, पुसला, पुन्हा ठेवला.
दीड.

वोगेलच्या उतारावर
डावं वळण मला कधीच जमलं नाही.
शाळेच्या सहलीत सगळे पुढे, आणि मी
कुंपणाला टेकून बूट बांधल्याचं सोंग करत.
प्रशिक्षक म्हणायचे, भीती सोड.
बाबा म्हणायचे, गुडघा वाकव, लिया, गुडघा.
मी गुडघा वाकवला. भीतीशी भांडले.
चाळिशी उलटली तरी
डावीकडे वळताना माझा श्वास अडतो
आणि तो माझा स्वभाव आहे
असं मी मुलांनाही सांगून बसले आहे.

बाबांना विचारायला हवं होतं.
म्हणजे काय विचारणार?
पट्टी हलली का? दारात कोणी आलं का?
बहुतेक मीच आले असेन,
भूक लागली म्हणत.

जानेवारीत नव्या जोडीवर उभी राहिले.
कोऱ्या लाकडाला अजून राळेचा वास.
पहिलं वळण डावं घेतलं मुद्दाम,
सवयीने सगळं अंग त्या बाजूला झोकून,
तेवीस वर्षांचं जास्तीचं वजन.
स्की तर हुकमाची ताबेदार,
सांगितलं तेवढी वळली, आणि मी सांगितलं होतं
केवढं तरी.

बर्फात उताणी पडून आकाशाकडे बघत राहिले.
वरून पाळणे जात होते.
कोणीतरी ओरडून विचारलं, लागलं का?
हिशेब चालू होता माझा:
साठ, नव्वद, अठ्ठेचाळीस, बावीस.
यात कुठेतरी
हे शिकलेलं अंग विसरायचं
किती लावलं असेल सिल्वोने?

जुना साचा टाकलेला नाही.
खिळ्यांच्या डब्यामागे उभा आहे, भिंतीला टेकून,
जरासा डावीकडे फुगलेला.