खिडकीतली कुंडी

तार्तूत डिसेंबरात साडेतीनलाच अंधारतं.
केर्तूला त्याचं काही नाही;
दिवा मी लावते, माझ्यासाठी.

फॉर्मवर ‘मर्यादा’पुढे सहा ओळी,
‘आवड’पुढे एक.
टेलिफोन, भाषांतर, अंधशाळेत शिकवणं –
वीस वर्षं हीच यादी पुढे सरकवत आलेय.

“मृदाशास्त्र,” ती म्हणते.
“अगं, पण शेतात एकटी कशी –”

ती उठते. काठी घडीचीच.
वासाच्या मागावर खिडकीशी जाते,
कुंडीतली चिमूटभर माती
बोटांत मळते, अंगठ्यानं तिची फीत काढते,
एक कण दाताखाली.

“चिकण जास्त आहे. मुळं कुजतायत.
पाणी कोण घालतं हिला?”

मी.
रोज.
बोट न बुडवता.