दोनदा दाबावा लागतो

पहिल्या दाबात पाय थेट पत्र्याला टेकतो.
दुसऱ्या दाबात कुठे काहीतरी लागतं,
विहिरीत पडलेली बादली
गळाला लागावी तसं.
परवा घटांगच्या उतारावर
तिसऱ्यांदाही दाबावं लागलं.
मागचे टोस्टचे डबे सरकत सीटला येऊन धडकले
आणि मी ही जुनी ओम्नी
पहिल्या गिअरमध्ये टाकून
रस्त्याकडेच्या एकेका सागाची मनात माफी मागत
बिहालीपर्यंत उतरवली.

तेव्हापासून सगळं परतवाडा ब्रेकमधलं जाणकार झालं.

अमरावतीला कंपनीचं वर्कशॉप.
काचेचं दार, गार हवा, फुकट कॉफी.
टाय लावलेल्या पोरानं टॅबवर बोट फिरवलं,
सात हजार चारशेचा कागद हातात दिला.
"मॅडम, पूर्ण असेंब्लीच बदलावी लागेल."
एका पाकिटामागे मला सुटतात तीन रुपये.
म्हणजे जवळपास अडीच हजार पाकिटं,
उंदरांनी कुरतडलेली त्यात धरली नाहीत.
कॉफी मात्र चांगली होती.
मी अजून एक मागितली.

नणंदेचा प्रज्योत म्हणाला,
"मामी, मोबाईलवर पाहून मीच करून देतो,
पॅड तं दोनशे साठले भेटते."
मागच्या वर्षी त्यानं आमचा मिक्सर दुरुस्त केला.
तेव्हापासून तो चटणी वाटत नाही,
नुसता ओरडतो.

पोहनकर गुरुजी म्हणाले,
"अवो, हळू चालवा ना.
हळू चालवनाऱ्याले ब्रेक कायले पायजे?"
गुरुजी जन्मभर सायकलवर.

असे चार दिवस गेले.
चार दिवस सेमाडोहला टोस्ट नाही,
आश्रमशाळेत नुसताच चहा.

बिहालीच्या अलीकडे, बेहड्याखाली,
बाबूलाल कासदेकरची ताडपत्री.
पाटी नाही. उभ्या टायरवर चुन्यानं
'बेरेक' एवढंच.
त्यानं आधी भाव सांगितला नाही.
जॅक लावला, चाक काढलं,
ड्रमच्या आत बोट फिरवून वास घेतला.
"तेल गळून रायलं. रबर गेलं."
मग फडकं शोधायला मागचं दार उघडलं
आणि डब्यांच्या मधली
छोटी गादी बघत उभा राहिला.
"हे कोनाची?"
"पोरीची. शाळा सुटली की येते सोबत.
दुपारी झोपते तिथंच."
तो बराच वेळ हात पुसत होता.

"समोरचे पॅड कंपनीचेच टाकू.
मागचे शू तेलात भिजले, ते गेले.
दोन सिलिंडर नवे.
ड्रम चांगले हायेत, त्याले हात लावत नाई,
उगाच कायले पैसे फेकता?"
"किती?"
"सव्वीसशे. हजार आज,
बाकी टोस्ट खपले का द्या."
"अन् याच्यापेक्षा स्वस्तातलं?"
"स्वस्तात हॉर्न करून देतो, बाई."

शेवटी मला सीटवर बसवलं, स्वतः चाकाशी.
दाबा. धरून ठेवा. सोडा.
दाबा. धरा. धरा म्हनलं ना! सोडा.
पारदर्शक नळीतून बुडबुडे येत राहिले,
मग थोडे,
मग नुसतं तेल.
बाकीचे सोळाशे त्यानं खडूनं लिहिले
माझ्याच गाडीच्या दाराला, आतून.

आज घटांगहून उतरताना
पहिल्याच दाबात गाडी धरली.
डबे जागचे हलले नाहीत,
पोरीची कूसही बदलली नाही.
पण पाय कुठं ऐकतो?
प्रत्येक वळणावर दोनदा दाबतो.
मागचा बांबूचा ट्रकवाला
बिहाली येईतो
शिव्या देत होता.